मोठ्या सरांचं टेबल

आमच्या लालबागच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. त्यात लिही, असं संपादक काका म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळा लेख होता. "वर्षभर हॉस्पिटलात काढलंस ना? मग पेशंटांचे हृद्य अनुभव लिही. एखादी आजी परत चालायला लागली, असं काहीतरी." आज्या चालायला लागल्या, खोटं नाही. पण इंटर्नशिप संपल्यावर मला जे पेशंट पुन्हा पुन्हा आठवतात, त्यांच्यात हृद्य काही नव्हतं. ते डॉक्टर होते. त्याच हॉस्पिटलातले, पांढऱ्या कोटातले, मान-पाठ-खांदे कामातून गेलेले डॉक्टर. त्यांची मला दया यायला हवी होती. आली थोडी. बाकीचा वेळ रागच आला, आणि लिहायला बसल्यावर तो कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. काका, चालत नसेल तर छापू नका.

मी फिजिओथेरपी शिकले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे हा शब्द आमच्या मजल्यावर अजून नीट रुजलेला नाही. बरेचजण 'मालिशचा कोर्स' म्हणतात. मालिश त्यात जवळजवळ नसते. सांधा किती हलतो, कुठला स्नायू आखडलाय, कुठली नस दबलीय हे हाताने आणि डोळ्यांनी शोधायचं आणि व्यायामाने मार्गी लावायचं, असं ते काम. पण अर्धं काम व्यायामाचं नसतंच. ते विचारायचं असतं. माणूस दिवसभर आपल्या शरीराचं काय करतो? भाजीवाली टोपली कुठल्या अंगाला घेते, शिंपी मान किती वाकवतो? ते बदललं नाही तर आमचे व्यायाम म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं.

माझे बाबा रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहेत. त्यांची कंबर दुखते तेव्हा ती अख्ख्या मजल्याची दुखते. संध्याकाळी गॅलरीत बसून ते "मेलंय रे, मेलंय" करतात, शेजारून तेल येतं, कुणीतरी थट्टा करतं, आई ओरडते. दुखणं लपवायचं असतं हे आमच्या घरी कुणाला माहीतच नव्हतं. ते मला परळच्या हॉस्पिटलात, सगळ्यात जास्त शिकलेल्या माणसांत गेल्यावर कळलं. आईला सांगितलं, तर भाकरी थापता थापता तिने विचारलं, "डॉक्टरांका पण दुखता? मगे ते कोणाक दाखवतत?"

"कोणालाच नाही."

"मगे शिकान काय उपयोग?" आई म्हणाली आणि तव्याकडे वळली.

आमचा विभाग तळमजल्यावर. सकाळी पेशंटांची रांग बाहेरच्या बाकांपासून जिन्यापर्यंत. दुपारी ती आटली की मागचं, चादरी ठेवायच्या लिननच्या खोलीकडचं दार किलकिलं व्हायचं आणि एखादा कोट आत यायचा. केसपेपर नाही, नंबर नाही. सुरुवातीचं वाक्य सगळ्यांचं एकच: "विशेष काही नाही, जरा मान मोकळी करून दे." तुम्ही केसपेपर का काढत नाही, असं मी एकदा एका डॉक्टरांना विचारलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना शाळेचा गणवेश घालून यायला सांगितलंय. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी नंतर मला बाजूला घेतलं. "अगं, ते डॉक्टर आहेत. त्यांना रांगेत बसवायचं का?"

रांगेत बसवायचं नव्हतं मला. इतकंच वाटायचं की एवढ्या माणसांची तीच हाडं त्याच जागी दुखताहेत, हे कुठेतरी कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. आमच्या विभागाच्या भिंतीवर 'असे बसा, असे उठा' अशी रंगीत चित्रं होती. त्या चित्रांखाली, बाकाच्या पुढच्या कडेवर अर्धवट टेकून, मान मोबाइलमध्ये घालून हॉस्पिटलातले डॉक्टर आमचे हात मोकळे व्हायची वाट बघायचे. मॅडम वर्षातून एकदा सभागृहात 'पाठीची काळजी' या विषयावर बोलायच्या. त्या भाषणाला मागच्या रांगेत ज्यांना डुलकी लागली त्यांच्या माना मी दुसऱ्या दिवशी मोकळ्या केल्या.

कर्णिक सरांचं सांगते. ते भूल देणारे डॉक्टर. गिरगावातलं जुनं डॉक्टरांचं घराणं, स्वभाव मिश्कील, आणि कंबर पार गेलेली. भूल देणारा डॉक्टर नुसता बसून असतो असं लोकांना वाटतं. तो फिरत्या स्टुलावर बसतो, आणि त्या स्टुलाला पाठ नसते. ऑपरेशन संपलं की शुद्धीवर नसलेलं अख्खं माणूस टेबलावरून ट्रॉलीवर न्यायचं असतं, तेव्हा डोक्याकडची बाजू त्याची. कर्णिक सर कोटाच्या आत कमरेचा पट्टा बांधायचे आणि तो कुणाला कळू नये म्हणून एक माप मोठा कोट वापरायचे. पण पट्ट्याला वेल्क्रो. सर खाली वाकले की भर वॉर्डात 'टर्रर्र' असा आवाज. निवासी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले मामा, मावशी, सगळे एकदम दुसरीकडे बघायचे. एकदा एका पेशंटनेच विचारलं, "डॉक्टर, काय फाटलं?"

"माझी अब्रू," सर म्हणाले.

ते विनोद करायचे म्हणून मला बरे वाटायचे. पण विनोद करून त्यांनीही काही बदललं नव्हतंच. पाठ असलेलं स्टूल मागा ना, असं मी म्हटलं तर हसून म्हणाले, "मागितलं की म्हणतात, कर्णिक म्हातारा झाला."

आणि मग सायली मॅडम आल्या.

डॉक्टर सायली सर्जरीच्या शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टर. उंचीला माझ्याएवढ्या, म्हणजे बुटक्याच. आल्या त्याही लिननच्या दारानेच. मी तपासताना त्या "आई गं" म्हणाल्या की मालवणीत "आवशी गे" ते नीट ऐकू आलं नाही, पण मी विचारलं, "मॅडम, गाव?" कणकवलीच्या बाजूचं निघालं. माझंही तिकडचंच. मग इंग्रजी गळून पडलं.

"गो बाय, बोटां निजतत माझी," त्या म्हणाल्या. "दोनच. ही बारकी आणि हिच्या बाजूची. ऑपरेशन चालू असताना. मगे टाक्याची गाठ निसटता."

कधीपासून, विचारलं. बरेच महिने. काय केलं, विचारलं. त्यांनी जे केलं होतं ते फक्त सर्जरीच्या डॉक्टरांनाच सुचू शकतं. गाठ निसटते म्हणजे सराव कमी, असं ठरवून त्यांनी होस्टेलच्या खिडकीच्या गजाला धागा बांधला आणि रोज त्याच्यावर गाठी मारत बसल्या. गज उंचावर, हात वर, खांदे कानांपाशी. बोटं आणखी झोपायला लागली तसा सराव आणखी वाढवला. आमच्याकडे आल्या तेव्हा खिडकीच्या गजावर दोऱ्यांची जटा झाली होती, असं त्यांनीच सांगितलं. ज्या नसेचं चित्र त्यांनी परीक्षेत काढून मार्क मिळवले होते, तीच नस त्या रोज दाबत होत्या. ही नस मानेतून निघते, गळ्याखालच्या हाडामागच्या अरुंद जागेतून हातात उतरते आणि करंगळीपर्यंत जाते. खांदे उचलून, हात पुढे धरून तासन् तास उभं राहिलं की ती जागा आवळत जाते. नस चिडते, मग बधिर होते, आणि फार दिवस दुर्लक्ष केलं तर हाताचे बारीक स्नायू सुकतात. सर्जनच्या हाताचे.

"ऑपरेशनात उभ्या कशा राहता, दाखवा," मी म्हटलं. त्यांनी दोन्ही कोपरं बाजूला उचलली, खांदे वर घेतले. मला वाटलं, गंमत करताहेत.

"टेबल एवढं उंच असतं?"

"मोठ्या सरांचं टेबल आहे ते," त्या म्हणाल्या. जणू यात सगळं आलं.

ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. इंटर्नना ऑपरेशन बघायची परवानगी मिळते. सर्जरीचे प्रमुख नवलकर सर. त्यांचे गुरू, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात, ते निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली. मोठे सर सहा फुटांहून उंच होते. ऑपरेशनचं टेबल बटणावर वर-खाली होतं, पण या थिएटरमध्ये ते एकाच उंचीवर असायचं. टेबलाच्या खांबावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण होती, मोठ्या सरांच्या वेळची. ती मळली की थिएटरचे मामा त्याच जागी नवी लावायचे. नवलकर सर मध्यम उंचीचे. तेही खांदे उचलून काम करायचे. त्यांचे मदतनीस त्यांच्याहून बुटके, ते आणखी उचलून. त्या खोलीत त्या टेबलाला बेताचा असा एकही माणूस नव्हता. आणि टेबल ऑपरेशन करणाऱ्याच्या कोपराच्या जरा खाली असावं, हे काही मी शोधून काढलेलं नाही. ते त्यांच्याच पुस्तकात सुरुवातीला छापलेलं आहे.

शिकणाऱ्या डॉक्टरचं मुख्य काम रिट्रॅक्टर धरणं. चीर दिल्यावर जखमेच्या कडा ओढून धरायचं हे आकड्यासारखं अवजार. धरून उभं राहायचं, हलायचं नाही. कोपऱ्यात पाय ठेवायची लोखंडी पायरी होती. सायली मॅडमनी पहिल्या वर्षी एकदा ती पुढे ओढली, तेव्हा नवलकर सर म्हणाले होते, "ती पेशंटला टेबलावर चढायला असते." त्यानंतर ती कुणी ओढली नाही.

गाठ निसटायची ती सगळ्यांसमोर निसटायची. सरांनी कारण विचारलं नाही, निकाल दिला. सर्जनांच्या बोलण्यात एखाद्याला हात आहे किंवा नाही असं असतं, गवयाला गळा असावा तसं. "सायलीला हात नाही," सर म्हणाले, आणि ते सिस्टरपासून कँटीनपर्यंत पोचलं. शेवटच्या वर्षी सर निवासी डॉक्टरला स्वतःच्या हाताने ऑपरेशन करायला देतात, त्याला केस देणं म्हणतात. हात नाही म्हटल्यावर केस मिळत नाही. केस मिळाली नाही तर डिग्री मिळते, सर्जन होता येत नाही.

"सांगा ना त्यांना, नस दबलीय म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं तर म्हणतील, हात नाहीच, वर मानही नाही." आणि मग हळूच, "तू खयच बोलू नको हां."

रजा घ्या म्हटलं, तर टर्म वाढणार. मी नस मोकळी करायचे व्यायाम दिले, खिडकीचा गज बंद करायला लावला. बोटं थोडी सुधारायची, थिएटरचा दिवस आला की पुन्हा झोपायची. माझ्याच गळक्या पिंपापाशी मी बसले होते.

त्यातच नवलकर सरांचा डावा खांदा धरला. हे ऐकल्यावर कुणालाही हसू येईल, पण ते आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. ईसीजी काढला, सोनोग्राफी केली, धावत्या पट्ट्यावर चालून झालं. हृदय ठणठणीत निघालं तेव्हा, थिएटरच्या सिस्टर सांगतात, सर जरा नाराजच दिसले. मला ते पटतं. हृदयविकार मोठ्या माणसाला शोभतो. त्याने हाताखालचे हळहळतात. खांदा हमालाचा दुखतो.

सर विभागात आले नाहीत. त्यांच्या केबिनमध्ये मला पाठवण्यात आलं. आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "जास्त बोलू नकोस." हात वर जात नव्हता, शर्टची बाही चढवताना चेहरा पिळवटायचा. पेन कुठे ठेवलंय ते दाखवायलाही ते उजवा हात वापरायचे आणि जणू हेच सोयीचं असं भासवायचे.

मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. "सर, काम करताना कोपर कुठे असतं?"

त्यांनी दाखवलं. दाखवतानाच त्यांना कळ आली.

"टेबल जरा खाली घेतलं तर..." मी त्यांच्या बुटांकडे बघत होते.

"ते मोठ्या सरांचं टेबल आहे. आम्ही त्याच्यावर शिकलो. सर म्हणायचे, सर्जनने पेशंटपुढे वाकू नये."

मोठे सर सहा फुटी होते सर, टेबल त्यांच्याच मापाचं, त्यांना वाकायची वेळ येत नव्हती, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी म्हटलं नाही. घाबरले. एवढंच म्हटलं, "आणि सर, जे तुमच्याहून बुटके आहेत त्यांचं काय होत असेल?"

"त्यांचं काय? तरुण आहेत."

तरीही टेबल खाली आलं. पुढच्याच आठवड्यात. खांबावर नवी चिकटपट्टी लागली, सरांच्या कोपराच्या मापाची. सरांनी सर्जनांच्या मासिक सभेत, जिथे आम्हा इंटर्ननाही मागे बसता यायचं, त्यावर चित्रं दाखवून भाषण दिलं, खांद्याचं आरोग्य वगैरे. 'मी माझ्या थिएटरमध्ये हा बदल केला आहे,' असं म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या कितीजणांनी लिननचं दार वापरलं होतं ते मला माहीत होतं. कुणी उठून म्हणालं नाही की माझंही दुखतं. त्या सभागृहात तेव्हा मला खरोखर तिटकारा आला. इतकी वर्षं शरीर शिकलेली माणसं, आणि शरीर फक्त प्रमुखाला असतं अशी ती बसली होती.

नवी खूणही सायली मॅडमना उंचच होती. पण खांदा सुधारल्याने असेल, सर जरा मवाळ झाले होते. कर्णिक सरांनी मध्ये शब्द टाकला असावा, ते कबूल करत नाहीत. सायलीला एक केस द्यायचं ठरलं. हर्नियाचं ऑपरेशन. नवलकर सर समोर मदतनीस म्हणून उभे राहणार आणि हात आहे की नाही ते बघणार. मी परवानगी काढून भिंतीला चिकटून उभी राहिले.

पेशंट कॉटन ग्रीनच्या गोदामातले काका. पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालची भूल, त्यामुळे जागे, आणि मध्ये लावलेल्या पडद्याच्या अलीकडे कर्णिक सरांशी गप्पा. सायली मॅडम जागेवर उभ्या राहिल्या. हात पुढे केले, आणि खांदे वर गेले. मला तिथूनही दिसलं.

त्यांनी हात खाली घेतले.

"टेबल अजून खाली हवं, सर."

मामा खांबावरच्या पट्टीकडे बघायला लागले.

"अगं, आत्ताच खाली घेतलंय की," नवलकर सर म्हणाले. "खूण केलीय."

"ती तुमच्या खांद्याची आहे, सर. माझी बोटं झोपतात. म्हणून गाठ निसटते. अशा उंचीला मी चीर देणार नाही. दुसऱ्या कुणाला उभं करा."

सर काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात टेबल गुरगुरत खाली जायला लागलं. टेबलाचं बटण भूल देणाऱ्याच्या हाताशी असतं.

"अहो, मला खाली का उतरवताय?" पडद्याअलीकडून काका ओरडले. "रद्द झालं काय?"

"तुम्हाला नाही हो, टेबलाला," कर्णिक सर म्हणाले. "सायली, बस म्हण."

"आणखी. आणखी थोडं. बस."

नवलकर सरांना वाकावं लागलं. पूर्ण वेळ ते वाकून उभे होते. मी सायली मॅडमच्या करंगळीकडे बघत होते. गाठी पडत गेल्या. एक निसटली. त्यांनी ती कापून पुन्हा मारली, घाई केली नाही. शेवटचा टाका झाल्यावर सर कंबर धरून सरळ झाले आणि "ठीक आहे" एवढंच म्हणाले. हात आहे, असं म्हणाले नाहीत. झालेला निकाल ते परत घेत नाहीत.

यापुढे थिएटर सुधारलं, असं लिहायला मला आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी टेबल पट्टीच्या जागी होतं. पहिल्या वर्षाचे नवे डॉक्टर आले, खांदे उचलून उभे राहायला शिकले, आणि दुपारी लिननच्या दाराने यायला लागले. सायली मॅडमना शेवटच्या वर्षात आणखी काही केसेस मिळाल्या. ज्या दिवशी कर्णिक सर असायचे त्या दिवशी टेबल खाली, नसले की वर. त्या पास झाल्या. करंगळी अजून सकाळी जड असते.

आता त्या माझगावला एका लहान हॉस्पिटलात सर्जन आहेत. परवा फोन आला. आता मी त्यांना ताई म्हणते. पहिल्या दिवसाचं सांगत होत्या. हात धुऊन आत गेल्या, पेशंट टेबलावर, आणि तिथल्या मामांनी अगदी सहज विचारलं, "मॅडम, टेबल किती ठेवू?"

"मगे?" मी विचारलं.

"मगे काय. माकाच ठावक नाय," ताई म्हणाल्या. "इतकी वर्षां शिकलंय, पण माझी उंची खयची ता कोणी इचारूकच नाय गो. त्या मामाक म्हटलंय, थांबा हां जरा. वर केला, खाली केला, परत वर केला. पेशंट, सिस्टर, सगळी थांबली. कोण एक शब्द बोलूक नाय."